हवेचे माप कोणाच्या हाती?

मोजणे ही क्रिया वरकरणी तटस्थ वाटते. प्रत्यक्षात ती क्वचितच तशी असते. उसाच्या वजनकाट्यावर, दूध संकलन केंद्रातील फॅटच्या नळीवर आणि बाजार समितीतील तराजूवर ग्रामीण महाराष्ट्राने हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेला आहे. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती भाव. आणि ज्याच्या हाती भाव, त्याच्या हाती दुसऱ्याचे घर चालवण्याची वा बुडवण्याची सत्ता. या जुन्या मापांच्या यादीत आता एका नव्या मापाची भर पडत आहे. ते माप म्हणजे कुक्कुटपालनाच्या शेडमधील हवेचे. अमोनिया, कर्बद्विप्राणील वायू, धूळ, आर्द्रता आणि तापमान मोजणारी छोटी उपकरणे, ज्यांना सर्रास सेन्सर म्हटले जाते, ती आता सामान्य पोल्ट्रीवाल्याच्या ऐपतीत येऊ लागली आहेत. हा बदल किरकोळ समजून समाजवादी चळवळीने त्याकडे पाठ फिरवली, तर उसाच्या काट्याचा इतिहास कोंबडीच्या शेडमध्ये पुन्हा घडेल.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्षी होते आणि त्यांपैकी सुमारे ७ कोटी ४३ लाख महाराष्ट्रात होते. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सांगली, रायगड या जिल्ह्यांतील कोणत्याही रस्त्याने गेले तरी माळावर वा बांधालगत पूर्व-पश्चिम बांधलेल्या, बाजूंना जाळी आणि पडदे असलेल्या लांबलचक शेड दिसतात. त्यांतील मांसल कोंबड्यांच्या बहुसंख्य शेड आज करार पद्धतीने चालतात. पिले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. पाच-सहा आठवड्यांनी पक्षी कंपनी उचलते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेली संगोपनाची मजुरी मिळते. कागदावर तो करारातील समान पक्ष असतो. व्यवहारात तो स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या कर्जाने उभारलेल्या छपराखाली दुसऱ्याचा माल वाढवणारा मजूर असतो.

शेडमधील विष येते कोठून?

कोंबडीच्या विष्ठेत नत्र बाहेर पडतो तो मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपाने. खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात किंवा लाकडाच्या भुशात ही विष्ठा मिसळते आणि ओल, ऊब व सूक्ष्म जीवाणू यांच्या संगतीने तिचे विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो. पाण्याची निपल गळत असेल, तूस वेळेवर परतले गेले नसेल, जुन्याच तुसावर नवी बॅच घेतली असेल, तर हा वायू झपाट्याने वाढतो. हिवाळ्यात, विशेषतः पहाटे, प्रश्न सर्वांत बिकट होतो. पिलांना ऊब हवी म्हणून पडदे बंद ठेवावे लागतात. पडदे बंद म्हणजे हवा बंद. आणि वर ब्रुडरची शेगडी वा गॅस पेटलेला असतो. ऊब आणि हवा या दोन्ही गरजा एकमेकींच्या आड येतात आणि त्यांचा तोल सांभाळण्याचे काम झोपेतून उठलेल्या एका माणसाच्या अंदाजावर सोपवलेले असते.

या अंदाजाचे साधन म्हणजे माणसाचे नाक, आणि नाक हे दगाबाज साधन आहे. बाहेरून आलेल्या माणसाला अमोनियाचा उग्र वास दारातच येतो, डोळ्यांना पाणी सुटते. रोज त्यातच वावरणाऱ्याचे नाक मात्र त्या वासाला सरावते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त धोका, त्यालाच सर्वांत कमी वास! ‘आम्हांला काही जाणवत नाही,’ असे जेव्हा शेडवरचा गडी सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. परंतु त्याचे हे वाक्य हवा चांगली असल्याचा पुरावा ठरत नाही. म्हणूनच मापाची गरज आहे.

पक्ष्यांवरील परिणामांचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९६४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अमोनियाच्या सान्निध्यात काही दिवस ठेवलेल्या कोंबड्यांना राणीखेत रोगाची लागण अधिक सहजतेने होते असे दिसून आले. श्वासनलिकेतील घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस या वायूने निकामी होतात आणि रोगजंतूंना फुफ्फुसांपर्यंतची वाट मोकळी मिळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकन प्रयोगात, दर दशलक्ष भाग हवेत ५० भाग, म्हणजे व्यवहाराच्या भाषेत ५० पीपीएम, अमोनिया असलेल्या हवेत वाढलेल्या पक्ष्यांचे वजन चौथ्या आठवड्यात स्वच्छ हवेतील पक्ष्यांच्या तुलनेत सुमारे १७ टक्के कमी भरले. कुक्कुटशास्त्राची पाठ्यपुस्तके २५ पीपीएम ही सहसा न ओलांडण्याची मर्यादा सांगतात, ती अशाच पुराव्यांच्या आधारे.

परंतु शेडमध्ये केवळ पक्षीच श्वास घेत नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली कुक्कुटपालनातील कामगारांच्या फुफ्फुसांची क्षमता पाळीच्या आधी आणि नंतर मोजली, तिचा ताळा हवेतील धूळ व अमोनियाशी घातला आणि शिफारस केली ती १२ पीपीएमची. म्हणजे पक्ष्यासाठी सर्वसाधारणपणे सांगितल्या जाणाऱ्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. कारण उघड आहे. पक्षी शेडमध्ये चाळीस-पंचेचाळीस दिवस राहतो. माणूस वर्षामागून वर्षे राबतो. शिवाय अमोनियाबरोबर पिसांची, कोंड्याची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ त्याच्या छातीत जाते आणि या दोहोंचा एकत्रित मारा कोणत्याही एकाच्या माऱ्याहून अधिक घातक असतो. शेडला लागूनच असलेल्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजूर जोडप्यांची लहान मुले हीच हवा घेत वाढतात. त्यांची नोंद कोणत्याही बॅचच्या कार्डावर होत नाही. मरतुक लिहिली जाते ती कोंबड्यांची.

कायद्याचे आंधळे कोपरे

कायद्याला अमोनिया ठाऊक नाही असे नव्हे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनी बाहेरच्या हवेत चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटर ४०० मायक्रोग्रॅम ही अमोनियाची मर्यादा घातली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हवा निर्देशांकातील आठ प्रदूषकांत अमोनियाचा समावेश आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमाला जे परिशिष्ट जोडले गेले त्यात कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीने २५ पीपीएम आणि अल्पकाळासाठी ३५ पीपीएम अशी मर्यादा नमूद झाली. २५ पीपीएम म्हणजे दर घनमीटर १७ हजारांहून अधिक मायक्रोग्रॅम, अर्थात नागरिकांच्या हवेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या चाळीसपटीहूनही जास्त. कामगाराचे फुफ्फुस नागरिकाच्या फुफ्फुसाहून चाळीसपट कणखर असते असा कोणत्याही वैद्यकशास्त्राचा सिद्धान्त नाही.

पण ही ढिली मर्यादादेखील शेडच्या दारापर्यंत पोचत नाही. कारखाने अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने कारखान्याची व्याख्याच विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० व विजेविना चालणाऱ्या ठिकाणी ४० कामगारांवर नेऊन ठेवली. एक कुटुंब आणि दोन गडी यांच्यावर चालणारी शेड या जाळ्यात सापडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कुक्कुटपालनाला प्रदूषणविषयक कायद्यांतून मिळालेल्या सवलतीचा फेरविचार करण्यास सांगितले आणि त्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, हे स्वागतार्ह होय. पण तेथेही मुख्य चिंता आहे ती शेजाऱ्याला येणाऱ्या दुर्गंधीची, माशांची आणि विष्ठेच्या विल्हेवाटीची. आत राबणाऱ्याची चिंता दुय्यमच राहिली.

युरोपीय संघाने २००७ च्या निदेशाद्वारे, दाटीवाटीने पक्षी ठेवणाऱ्या मांसल कोंबड्यांच्या शेडना २० पीपीएम अमोनिया आणि ३००० पीपीएम कर्बद्विप्राणील वायू यांची कमाल मर्यादा घातली आणि हे माप कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर घ्यावे असेही लिहून ठेवले. पक्ष्याच्या कल्याणासाठी इतका बारकावा दाखवता येतो, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. भारतात तेवढाच बारकावा पक्ष्याच्या आणि माणसाच्या, अशा दोन्ही उंचींवर दाखवण्यास हरकत कोणती?

स्वस्त साधनांचे गुणदोष

एरवी प्रयोगशाळेच्या तोडीची वायुमापन यंत्रे लाखांच्या घरात जातात. त्यामुळे ‘मोजणार कोण आणि कशाने?’ हा प्रश्न आजवर चर्चा थांबवण्यासाठी पुरेसा होता. तो आता पुरेसा राहिलेला नाही. टिन ऑक्साइडचा तापवलेला पातळ थर वायूच्या स्पर्शाने आपला विद्युत्‌रोध बदलतो, या तत्त्वावरील सेन्सर काही शे रुपयांत मिळतात. विद्युत्‌रासायनिक घटावर चालणारे, अधिक विश्वासार्ह सेन्सर काही हजारांत येतात. त्यांना तापमान व आर्द्रतेचे मापक आणि एक छोटा नियंत्रक जोडला की ठरावीक पातळी ओलांडताच घंटा वाजवणारे वा दिवा लावणारे यंत्र तयार होते. तंत्रनिकेतनातील विद्यार्थी ते सहज जोडू शकतात.

मात्र स्वस्त वस्तूची भाबडी स्तुती करणे हे चळवळीचे काम नव्हे. टिन ऑक्साइडचा सेन्सर केवळ अमोनियालाच ओळखतो असे नाही. इतर वायूंनीही तो चळतो आणि शेडमधील दमट हवेने त्याचे आकडे भरकटतात. विद्युत्‌रासायनिक घट अमोनियात सतत ठेवला तर लवकर संपतो. धुळीने जाळी बुजते. काही महिन्यांत आकडा मूळ जागेवरून सरकतो आणि मग २५ दाखवणारे यंत्र प्रत्यक्षात १५ सांगते आहे की ४०, हे कळेनासे होते. म्हणून अशा यंत्राचे मूल्य नेमक्या आकड्यात कमी आणि आकड्याच्या चढउतारात अधिक असते. पहाटे चारला रेष वर जाते, पडदा वीतभर उघडला की ती खाली येते, एवढे समजले तरी पडदा केव्हा आणि किती उघडावा याचा निर्णय सुधारतो. निरपेक्ष आकडा हवा असेल तर दर बॅचच्या आरंभी रंग बदलणाऱ्या रासायनिक नळीने त्याचा ताळा घ्यावा लागेल.

येथे तंत्रज्ञानच सहकाराच्या बाजूने बोलू लागते. विद्युत्‌रासायनिक सेन्सर टिकवायचा तर त्याला मोजमापानंतर स्वच्छ हवेत विश्रांती द्यावी लागते. अर्थात दहा शेडनी मिळून एक चांगले यंत्र घेणे आणि ते पाळीपाळीने वापरणे हे काटकसरीचेच नव्हे, तर शास्त्रशुद्धही ठरते. मात्र यंत्राबरोबर रोगही शेडमधून शेडमध्ये जाऊ शकतो. नवापूरने २००६ आणि २०२१ अशा दोन वर्षी बर्ड फ्लूचा तडाखा सोसला आहे. तेव्हा प्रत्येक भेटीनंतर यंत्राचे निर्जंतुकीकरण ही अट मोडता न येणारी असली पाहिजे.

नफा कोणाचा, खर्च कोणाचा?

खरा पेच तंत्राचा नसून अर्थव्यवहाराचा आहे. उदाहरणादाखल समजा की ५,००० पक्ष्यांच्या शेडमध्ये दर पक्ष्याचे वजन सरासरी दोन किलो भरते. एकूण १०,००० किलो. कोंदट हवेमुळे वजन पाच टक्क्यांनी घटले तर ५०० किलो माल कमी झाला. संगोपनाची मजुरी किलोला ७ रुपये धरली, तर शेतकऱ्याचे थेट नुकसान ३,५०० रुपयांचे. जिवंत कोंबडीचा भाव १०० रुपये धरला, तर पक्ष्याच्या मालकाचा ५०,००० रुपयांचा माल कमी झाला. वाचलेल्या खाद्याची किंमत त्यातून वजा केली तरी दोन्ही आकड्यांतील दरी बुजत नाही. म्हणजे हवा सुधारली तर लाभाचा मोठा वाटा कंपनीचा. आणि पंखे बसवायचे कोणी? विजेचे बिल भरायचे कोणी? तूस वारंवार बदलायचे कोणी? शेतकऱ्याने. ज्याला लाभ तो खर्च करीत नाही आणि ज्याला खर्च त्याला लाभ पुरता मिळत नाही. मग हवा सुधारत नाही यात आश्चर्य कसले? शेतकरी अडाणी आहे म्हणून पडदे बंद राहतात, हे स्पष्टीकरण म्हणूनच फसवे आहे. तो आपला हिशेब चोख ओळखतो. हिशेबाची मांडणीच त्याच्या विरुद्ध आहे.

या मांडणीत कंपनीचा सेन्सर आला की काय घडेल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. यंत्र कंपनीचे, आकडा कंपनीच्या संगणकात, शेतकऱ्याच्या हाती केवळ लाल दिवा. बॅच बिघडली की आकडा दाखवून सांगितले जाईल, ‘हवा तू राखली नाहीस.’ पिलेच कमअस्सल होती, खाद्यच निकृष्ट होते, पक्षी उचलायला गाडीच आठवडाभर उशिरा आली, या गोष्टी मात्र कोणताच सेन्सर मोजणार नाही. जे मोजले जाते त्याची जबाबदारी शेतकऱ्यावर आणि जे मोजले जात नाही ती कंपनीची मोकळीक, अशी ही वाटणी होईल. उलट तोच आकडा शेतकऱ्याच्या मालकीचा असेल तर तो त्याचा साक्षीदार बनेल. हवा बेचाळीस दिवस चांगली होती, तरी मरतुक वाढली. तेव्हा पिले तपासा, खाद्य तपासा, असे तो पुराव्यानिशी म्हणू शकेल. यंत्र एकच, मालकी बदलताच त्याचा अर्थ बदलतो.

दोन आक्षेप येथे अपेक्षित आहेत. बाजारवादी म्हणतील की साधन स्वस्त आहे, ज्याला गरज असेल तो घेईल. शासनाने वा चळवळीने त्यात पडण्याचे कारण नाही. वरचा हिशेब हेच त्याचे उत्तर होय. शेडवरचा गडी तर हे यंत्र विकतही घेऊ शकत नाही आणि घेतले तरी आकडा वाढल्यावर काम थांबवण्याचा अधिकार त्याला नाही. अधिकाराविना ज्ञान ही केवळ यातनेची अचूक नोंद ठरते. दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येईल: मूळ प्रश्न भांडवलाच्या मक्तेदारीचा असताना यंत्रांच्या खेळण्यांत कार्यकर्त्यांना का गुंतवावे? हा आक्षेप क्रांतिकारक वाटला तरी आळशी आहे. पचमढीच्या १९५२ च्या अधिवेशनात डॉ. राममनोहर लोहिया यांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो हौसेपोटी नव्हे. कोणते यंत्र कोणाच्या हाती सत्ता देते, हा त्यांच्या दृष्टीने समाजवादाचाच गाभ्याचा प्रश्न होता. मक्तेदारीशी लढायचे तर आकडे लागतात आणि आकडे प्रतिपक्षाकडूनच मागून घेणारी लढाई आरंभीच हरलेली असते.

मागण्या आणि कामे

या विवेचनातून काही मागण्या स्पष्टपणे पुढे येतात. पहिली, कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये, कामगारांची संख्या कितीही असो, माणसाच्या श्वासाच्या उंचीवर अमोनियाची मर्यादा ठरवली जावी आणि ती १२ पीपीएमच्या दिशेने नेली जावी. दुसरी, पशुधनाचा स्पष्ट समावेश असलेला करारशेतीचा नमुना कायदा केंद्राने २०१८ मध्ये राज्यांपुढे ठेवला होता, तर २०२० चा केंद्रीय करारशेती कायदा शेतकऱ्यांच्या आंदोलनापुढे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. तेव्हा राज्याने स्वतंत्रपणे कुक्कुट कराराचे नियम करून पंखे, तूस आणि वीज यांच्या खर्चात पक्ष्याच्या मालकाचा वाटा बंधनकारक करावा. तिसरी, शेडमध्ये नोंदलेला प्रत्येक आकडा शेतकऱ्याच्या मालकीचा मानला जावा आणि त्याच्या संमतीविना तो मजुरी कापण्यासाठी वापरता येऊ नये. चौथी, नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांनी स्वस्त सेन्सरचा ताळा घेण्याची सोय नाममात्र दरात करावी. उसाच्या काट्याची तपासणी ही जशी शासनाची जबाबदारी मानली जाते, तशीच ही. पाचवी, शेडवरील मजुरांची आणि कुटुंबीयांची फुफ्फुसतपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षातून एकदा व्हावी.

पण मागण्यांचे निवेदन देऊन थांबणे हे कार्यकर्त्यांच्या कामाचे अर्धेच टोक आहे. दुसरे टोक गावात आहे. एका तालुक्यातील दहा-पंधरा करारशेतकऱ्यांचा गट उभा करावा. एक बरे यंत्र आणि ताळ्याच्या नळ्या वर्गणीतून घ्याव्यात. एका हिवाळ्याच्या बॅचपुरती पहाटेची, दुपारची आणि रात्रीची नोंद वहीत ठेवावी. पक्ष्याच्या उंचीवरची वेगळी आणि माणसाच्या उंचीवरची वेगळी. त्याच वहीत गड्याचा खोकला, डोळ्यांची आग आणि दम लागल्याचे दिवसही लिहावेत. वहीत मजुराची बाजू आली नाही, तर शेतकरी-मालकाच्या हिताचे हे आणखी एक साधन होऊन बसेल. कारण करारशेतकरी कंपनीपुढे शोषित असला तरी स्वतःच्या गड्यापुढे तो मालकच असतो, ही अडचणीची गोष्ट चळवळीने झाकून ठेवता कामा नये. दोघांची फुफ्फुसे एकाच हवेने पोळतात. त्यांच्या एकजुटीचा पाया तेथेच सापडेल.

अशी एक वही तालुक्याच्या सभेत उघडली गेली, की चर्चेची पातळीच बदलते. मग वास येतो की येत नाही, असा वाद उरत नाही. महानगरांतील मध्यमवर्ग आपल्या हवेचा आकडा रोज सकाळी वाचतो आणि त्याच्या जोरावर सरकारला जाब विचारतो. त्याच्या ताटात स्वस्त प्रथिने पोचवणाऱ्या माणसालाही आपल्या हवेचा आकडा वाचण्याचा आणि त्यावरून जाब विचारण्याचा तितकाच हक्क आहे. काही शे रुपयांचे यंत्र तो हक्क मिळवून देणार नाही. तो मागण्याची भाषा मात्र ते देऊ शकते, आणि संघटनेने ती भाषा वेळेवर शिकून घेतली पाहिजे.